सज्जाखाली उच्चारलेला शब्द

प्रिय नुंझिया,

सगळं बदललं ते तुमच्या सज्जाखाली संताच्या मूर्तीची पालखी थांबली तेव्हा. दरवर्षी ती थांबतेच. पुढचे खांदेकरी गुडघे वाकवतात, संत तुझ्या बाबांना नमस्कार करतो आणि मिरवणूक पुढे सरकते. यंदा डावा दांडा माझ्या खांद्यावर होता. तू पिवळ्या झग्यात बाबांशेजारी उभी होतीस, माझ्याकडे न बघण्याचा आटापिटा करत. मी वाकलोच नाही. संत तिरका झाला. मागून नीनोमामा पुटपुटला, "वाक रे, गाढवा." आणि मी मोठ्यानं म्हणालो, "माफियोसोपुढं संत वाकत नसतो."

बँड थांबला. आपल्या गावात माफियाच्या माणसाचा हा शब्द पेपरात छापतात, टीव्हीवर ऐकतात, पण जिवंत माणसाला कुणी लावत नाही. तुझ्या बाबांना सगळे 'ते' म्हणतात, नाहीतर 'सावेरिओकाका'. माझी आजी मात्र जुन्या अर्थानं ऐटदार कोंबड्यालाही माफियोसो म्हणायची. त्याच चालीवर एकदा मी तुझ्या चालण्याला तो शब्द लावला, तर तू हसता हसता थांबलीस. म्हणालीस, पुन्हा म्हणू नकोस. का, ते मी विचारलं नाही.

खरं सांगतो, सज्जाखाली मला न्यायबिय काही सुचला नव्हता. तुझं लग्न सिमेंटवाल्याच्या मुलाशी ठरल्याचं त्याच सकाळी कळलं होतं. तुझ्यासाठी पालेर्मो शहरातलं कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेला मी, जळत होतो.

तिसऱ्या दिवशी तुझे बाबा आमच्या बेकरीत आले. आईची चौकशी केली, तिळाचा पाव घेतला. जाताना म्हणाले, "पोरा, तू म्हणालास तसलं काही नसतं रे. टीव्ही कमी बघ. आणि आईची भट्टी जुनी झालीय, जपा." रविवारी बेकरी जळाली. आई वाचली, पण हात भाजले. आगीआधीच्या दोन दिवसांत बेकरीमागे रॉकेलचे डबे उतरवताना मी ज्यांना पाहिलं, ती तुमच्याच अंगणात वावरणारी माणसं.

तू अजून संध्याकाळी सज्जातल्या बेसिलच्या कुंडीला पाणी घालतेस ना? मी रोज चौकाच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो.

आज दहा वाजता न्यायाधीशांसमोर माझी जबानी आहे. तुझे बाबा कोण, असं ते विचारतील. तोच शब्द सांगायचाय, या वेळी शांतपणे, खाली सही करून. त्यानंतर तू माझं नाव घेणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. आई तिच्या बहिणीकडे गेलीय, घर रिकामं आहे. कोट घातलाय. हे पत्र खिशात ठेवतो, जाताना तुमच्या दाराखालून सरकवीन. निघालो. आता दार ओढून घेईन.

तुझाच, अजूनही,
कालोजेरो