घडीआड गेलेली अकरा नावे

मी मच्छिंद्र आबाराव ओव्हाळ, वय बावन्न, मूळ गाव बेंबळी, राहणार उस्मानाबाद. यकृताच्या दुखण्याने अंथरूण धरले असले तरी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी चांगुणा हिचे. ते तिच्याच हट्टाने उभे राहिले.

२. सहकारी संघाच्या कॉम्प्युटरवर मी दुष्काळातल्या टँकरच्या फेऱ्यांचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या फ्लॉप्या माझ्या जागी आलेल्या उत्तरेश्वरला द्याव्यात, पण पुढील मजकूर वाचून दाखवूनच.

प्रोग्राम लिहिण्याच्या आमच्या एडिटरमध्ये ओळींची घडी घालता येते. आरंभी व शेवटी खूण केली की मधल्या ओळी पडद्यावरून जातात आणि फक्त मथळ्याची एक ओळ उरते. फाइलीत मजकूर जागेवरच असतो. पण घडी मिटलेली असताना ती ओळ खोडली, तर आतले सगळे जाते. खोडण्याआधी घडी उघडावी.

१९८७ च्या एप्रिलमध्ये मी ती उघडली नाही. जुना मथळा समजून एक ओळ खोडली. आत अकरा वस्त्यांची नावे होती. नऊ दिवस तिकडे टँकर गेला नाही. बेंबळीजवळच्या वस्तीवरच्या विठाबाई पाण्यासाठी विहिरीत उतरताना पडल्या. पाय कायमचा गेला.

बातमी आली त्याच दिवशी मी जुन्या फ्लॉपीवरून नावे परत घातली. मॅनेजर म्हणाले, "टंकताना बलभीमनं गाळली असतील." ऑपरेटर बलभीमला काढून टाकले. मी समोरच बसलो होतो.

३. बेंबळीची दोन एकर जमीन बलभीमला, असे आधी लिहिले होते. चांगुणा म्हणाली, "जमीन देऊन तोंड चुकवताय व्हय? बोलवा त्याला."

बलभीम आला, वाचले आणि कलम खोडायला लावले. "जमीन नको मला. माझी आई मला निष्काळजी समजूनच वारली. तुमी हे जिते असताना वस्तीवर वाचा."

रविवारी मला बैलगाडीतून नेले. सगळ्यांसमोर मी स्वतः वाचले. विठाबाईंनी विचारले, "तवाच का न्हाय सांगितलं?"

 त्यांचा हा प्रश्नही येथे नोंदवतो.

जमीन चांगुणाकडेच राहील.

सही : म. आ. ओव्हाळ
साक्षीदार : १. बलभीम (सही) २. शेजारी गुंडाप्पा, निवृत्त शिक्षक (सही)
उस्मानाबाद, १४ मार्च १९८९