काटा बेटाकडेच होता

प्रिय दादा,

चौकशीनंतर तुला बेटावरून हलवलं, त्या पार्सलखात्यात तुझं टेबल खिडकीजवळ आहे, हे वहिनीच्या पत्रातून कळलं. पत्र आईला होतं. माझ्याशी वहिनी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. इथे किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनात तसं ठीक चाललंय. अँटेना फिरवणारी मोटर अजून कण्हत कण्हत फिरते. बेटावर तुझ्या जागी आलेला ऑपरेटर बोलघेवडा आहे. हवामान सांगता सांगता स्वतःच्या गुडघ्याचंही सांगतो.

तू मला हे काम शिकवलंस तेव्हा एक गोष्ट डोक्यात भरली होतीस. खोलीतला काटा मोटरची दिशा दाखवतो. अँटेना खरंच तिकडे वळलाय का, ते बाहेर जाऊन मान वर करून बघायचं. मी तुला संशयात्मा म्हणायचो. त्या वादळानंतर चार दिवस मी बाहेर गेलोच नाही. पाऊस होता, चहा गरम होता, काटा बेटाकडेच होता. तुझा आवाज येईना, तेव्हा मी वहीत खुशाल लिहून टाकलं की बेटावरचा ऑपरेटर जागेवर नाही. साहेबांना वर हसून सांगितलं, आमचा दादा म्हणजे लहानपणापासून कुंभकर्ण. बेटाशी बोलणं होईना म्हणून तिकडे जाणारी औषधांची बोट खोळंबली आणि माझी ती थट्टाच चौकशीत पुरावा ठरली. चारही दिवस ठरल्या वेळी हाका मारल्या, असं तू जीव तोडून सांगत होतास. मी शेजारच्या खुर्चीत खाली बघत बसलो होतो. मला माझीच लाज वाटते, दादा.

कारण चौकशीच्या आधीच मला सगळं कळलं होतं. पाचव्या दिवशी मी खांबावर चढलो. बोल्ट ढिला पडून अँटेना डोंगराकडे तोंड करून उभा होता. मी तो वळवला, बोल्ट आवळला, हात पुसले आणि कुणाला काही बोललो नाही. काल साहेबांना हे सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, बोल्टपुरतं ठेवू, बाकीचं फाडून टाक. तुला ऑफिसचं पत्र येईल, त्यात यंत्रातला बिघाड असं असेल, आणि तू मोठ्या मनाने मला माफ करून मोकळा होशील. म्हणून हे आधी पाठवतोय. बिघाड चार दिवसांचा होता. नंतरचे आठ महिने मी गप्प होतो.

तुझाच,
धाकटा