तलावात मासे आहेत

६ मार्च, राखेचा बुधवार. संध्याकाळी.

ओतिलिया, आधी तारीख टाक, मग मी सांगते तेवढंच लिही. पदरचं काही घालू नकोस. मला अक्षरओळख नाही आणि शेजारच्या ओतिलियाचं अक्षर तिचं तिलाही लागत नाही, म्हणजे ही वही कुणी वाचायची भीती नाही. म्हणून खरं तेच सांगणार.

चर्चमधून कपाळाला राख लावून आलो. जेवायला बसलो तर माझ्या मुलाने, एफ्राइनने, घास बाजूला ठेवून तोंड उघडलं. म्हणे, आई, ईस्टर झाला की सोमवारी आपण इथून निघतोय. पार वर उत्तरेला, थंडीच्या मुलखात, याकिमाला, नोएमीच्या भावाकडे. सफरचंदाच्या बागेत काम आहे, राहायला दोन खोल्या आहेत. नोएमी म्हणजे माझी सून. कारण काय, तर इत्सेलचा दमा. इत्सेल माझी नात, सात वर्षांची. तलाव आटतोय, उघडी पडलेली माती वाऱ्याने उडते, ती पोरीच्या छातीत जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पोरगी त्या नारिंगी सोड्याने खोकते. नोएमी म्हणाली, आई, सोडा बंद करून दोन महिने झाले. मी म्हटलं, मग त्यानेच खोकत असेल.

एफ्राइन म्हणाला, तलाव मेलाय आई, त्यात आता मासासुद्धा नाही. हे मात्र मला लागलं. सरहद्दीपलीकडे आमच्या मिचोआकानच्या गावात एक रीत आहे. कपाळावरची राख पुसायच्या आत दिलेला शब्द मोडायचा नसतो. मी लगेच म्हटलं, गुड फ्रायडेपर्यंत मी याच तलावातून चिलापी पकडून कढईत घातली, तर उन्हाळा संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. कबूल? तो हसला. म्हणाला, कबूल, घे शब्द. मग त्याचा हात कपाळाकडे गेला. राख जागच्या जागी होती. नोएमीने त्याच्याकडे जे पाहिलं ते लिहू नकोस.

निश्चय: रोज सकाळी गळ टाकायचा. दोन दिवसांत काम उरकेल.

८ मार्च. सकाळी सहा.

काठावर गेले. गळ आपला जुनाच, बिअरच्या डब्याला गुंडाळलेली दोरी, वजनाला गाडीचा खराब झालेला प्लग, टोकाला गांडूळ. काठ जरा पुढे सरकलाय. पूर्वी ओतिलियाच्या दारापासून ऐंशी पावलं होती, आज मी चारशेपर्यंत मोजली आणि पुढचे आकडे मला येत नाहीत. पायाखाली माशांची हाडं चुरचुर वाजतात. हाडं आहेत म्हणजे मासे आहेत. शेवटी चिखल लागला, एक चप्पल त्यात गेली.

माझा नवरा होता तेव्हा इथे नुसता गळ दाखवला तरी चिलापी उडी मारून यायची. बादल्या भरून न्यायचो, कुत्रीसुद्धा वास घेऊन तोंड फिरवायची.

आज काही नाही. वारा उत्तरेचा होता.

१५ मार्च.

काही नाही. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आहेत, मासेही पाळत असतील.

पाणकोळी एकही दिसला नाही. बरंच झालं, वाटेकरी कमी.

२१ मार्च. ऊन आताच शंभर फॅरनहाइटला टेकलंय.

काठावर विद्यापीठातली एक मुलगी बाटल्यांत पाणी भरत होती. म्हणाली, आजी, कशाला त्रास घेताय, वर्षभरात आमच्या जाळ्यात एक चिलापी आली नाही. हे पाणी समुद्राच्या दुप्पट खारट झालंय, यात अंडी जगत नाहीत. मी म्हटलं, पोरी, मी याहून वाईट जागी पाच बाळंतपणं केलीत. ती म्हणाली, तुम्ही मासा नाही आहात आजी. शिकलेल्या मुली अशाच तोंडाळ.

निश्चय: गांडूळ बदलायचं. उद्यापासून कोळंबीचा तुकडा.

२ एप्रिल.

कोळंबी तशीच परत आली. ओतिलियाने धुऊन भातात घातली. तसं लिहू नको म्हणते. लिही.

इत्सेल शाळेत गेली नाही. पंप दोनदा ओढला तरी छातीत मांजर गुरगुरत होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, आजी, मासा मिळाला का? मी म्हटलं, थोडक्यात हुकला. म्हणाली, नाही मिळाला तर आपण जाऊ ना? बिचारी, तिला जायची भीती वाटते. ओतिलिया म्हणते, मला ते भीतीसारखं नाही वाटलं. तुला कुणी विचारलं?

१२ एप्रिल.

नोएमीने सात खोकी बांधली. खजुराच्या बागेतून एफ्राइन दमून आला, दिवसभर शिडीवर चढून फुलांना परागाची भुकटी मारायची म्हणजे चेष्टा नाही, आणि आल्या आल्या त्यालाही खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसवलं. मी म्हटलं, अजून आठवडा आहे. ती म्हणाली, हो आई, माहीत आहे. इतकं गोड बोलली की मला राग आला.

१८ एप्रिल.

काही नाही. ओतिलियाला विचारलं, तुझी गाडी चालू आहे का?

१९ एप्रिल, गुड फ्रायडे. दुपारी चार.

चिलापी मिळाली.

कशी ते सविस्तर लिही, पुढे मलाच शंका यायला नको. सकाळी ओतिलियाच्या गाडीतून हमरस्त्यापलीकडे मासे पोसतात त्या तळ्यांवर गेलो. तिथलं पाणी गोडं. माणूस म्हणाला, आजी, साफ करून देऊ का? मी म्हटलं, खबरदार, जिवंत हवी. बादलीत घालून काठावर आणली, ओठात गळ अडकवला आणि दोरी डोक्यावरून गरगर फिरवून तलावात भिरकावली. आता ती तलावात होती की नाही? होती. तिथून मी तिला गळाने ओढून काढली की नाही? काढली. मग याला तलावातली चिलापी पकडणं नाही तर काय म्हणतात? ओतिलिया म्हणते, याला दुसरा शब्द आहे. तो लिहू नकोस.

एक झालं. पाण्यात पडल्या पडल्या ती आडवी झाली. दोन झटके दिले आणि पांढरं पोट वर. ओतिलियाने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, युलालिया, या पाण्यात तिला श्वाससुद्धा घेता आला नाही गं. मी म्हटलं, गाडी लागली असेल.

घरी तळली. आपल्या तलावाच्या माशाला मीठ लावायचं नसतं, तलावच लावून पाठवतो, म्हणून आजही लावलं नाही. एफ्राइनने पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला. हात मिठाकडे गेला, अर्ध्यावरून परत आला. मला विचारलं, आई, तलावातून काढलीस? मी म्हटलं, ओतिलियाला विचार. ओतिलियाला तेव्हाच ठसका लागला. त्याने सगळी खाल्ली, काटे चोखून. मग उठून याकिमाला फोन लावला आणि म्हणाला, उन्हाळ्यानंतर बघू. शब्दाला पक्का आहे माझा मुलगा.

नोएमी कढई घासत होती. कढई केव्हाच स्वच्छ झाली होती.

निश्चय: उद्यापासून गळाला सुट्टी.

२७ एप्रिल.

वारा. तलाव दिसत नाही, ओतिलियाचं दारही दिसत नाही. ती चाचपडत आली. खिडकीच्या फटींना ओली फडकी लावली. जरा मिठाची पूड उडते, दुसरं काही नाही. इत्सेल आत बसून चित्रं काढते. सगळी चित्रं सफरचंदांची.

१ मे.

आज ओतिलियाला हॉस्पिटलातच वही आणायला लावली. काल सकाळी पोरीचे ओठ निळे झाले. पंप चार वेळा दिला. तिला वाक्य पुरं करता येईना. आजी म्हणायची आणि पुढचं राहून जायचं. एफ्राइनने गाडी कशी चालवली ते त्याला ठाऊक. आता नळ्या आहेत, यंत्र आहे. नोएमी खुर्चीवर ताठ बसलीय, माझ्याकडे पाठ करून. पाठीला थंड वारा लागू नये म्हणून असेल.

बाहेरच्या बाकावर एफ्राइन माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, आई, पहिल्याच घासाला कळलं होतं. मलाही जायचं नव्हतं, म्हणून गिळला.

मी म्हटलं, कॉफी गार होतेय तुझी.

आज निश्चय नाही.

१० मे. आज आमच्याकडे आईचा दिवस असतो.

आज तिघं निघाली. उन्हाळा संपायची वाट कुणी पाहिली नाही आणि मीही शब्दाची आठवण केली नाही. मागच्या सीटवर माझ्यासाठी जागा होती, एफ्राइनने उशीसुद्धा ठेवली होती. नोएमीने उशी उचलून मला दिली आणि तिथे इत्सेलचं वाफेचं यंत्र ठेवून त्याला पट्टा बांधला. हल्लीच्या यंत्रांना जागा फार लागते. म्हणाली, घरालाही कुणीतरी हवं ना आई.

एफ्राइनने गुडघे टेकून आशीर्वाद मागितला, इत्सेलने मागितला. नोएमी गाडी सुरू करून बसली होती. लांबचा प्रवास आहे, इंजिन आधी गरम करावं लागतं.

घरावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. थंडीत कंटाळून परत येतील.

२६ मे, रविवार.

फोन आला. इत्सेल होती. म्हणाली, आजी, मी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, पळत. मग एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं, मध्ये कुठेही न थांबता. एकदाही खोकली नाही. मी म्हटलं, परत कधी येणार? मागून नोएमीचा आवाज आला, ठेव आता फोन, आजीला झोपू दे. सकाळचे दहा वाजले होते.

ओतिलिया म्हणते, पोरीची छाती मोकळी झाली, देवाचे उपकार मान. मी म्हटलं, इतक्यात कशी मोकळी होईल? हा फोन जुना झालाय. याच्यातून गाणं येतं, खोकला येत नाही.

ओतिलियाने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उचल. लिही, फोन बिघडलाय. उद्या दुरुस्तीला द्यायचा.