हव्वा माहेरी गेली

धाटाव, रोहा
१७ डिसेंबर १९८७

तीर्थस्वरूप दिनानाथदादा यांस,

प्रभू येशूच्या नावात तुमच्या मेहुण्याचा, शरदचा, सलाम. तुमची तब्येत, आईंचे गुडघे आणि पेणच्या कारखान्यातले गणपती ठीक असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. (वाळलो आहे, पण ते सोडा.) तुमची बहीण सरू तिकडे येऊन चार दिवस झाले. ती का आली हे तिने सांगितले असेलच, म्हणून खरे काय घडले ते मी सांगतो.

रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीने 'मानवाचे पतन' ही नाटिका केली. आदाम मी, हव्वा सरू. ही कामे नवरा-बायकोने करावीत ही कल्पना पाळकसाहेबांची, तेव्हा पहिला दोष त्यांचा. त्यानंतरचा, क्षमा असावी, तुमचा. कागदाच्या लगद्याचा साप तुम्ही पाठवलात खरा, पण वर्षभर गणपतीचे डोळे आखणाऱ्या हाताने त्यालाही तेच डोळे काढलेत. इतका कृपाळू सैतान मी पाहिला नाही. शेजारच्या गोदूबाई नाटक बघायला आल्या होत्या, त्यांनी त्याच्यापुढे जास्वंद ठेवून सुनेच्या बाळंतपणासाठी नवस बोलला. अशा सापाने दिलेले फळ सरूने नाकारायचे तरी कसे? (फळ म्हणजे पेरू. कच्चा होता.)

मी तो खाल्ल्यावर पाळकसाहेब पडद्यामागून देवाच्या आवाजात गरजले, "हे तू का केलेस?" मला एवढेच म्हणायचे होते, की तू जी बायको दिलीस तिने दिले, म्हणून खाल्ले. म्हटले. लोक हसले. दादा, शिफ्ट करून आलेल्या माणसाला लोक हसले की त्याचे भान सुटते. मी म्हणालो, "देवा, ही रोजच कच्चं वाढते! बोलायला जावं तर माहेरचं कौतुक ऐकवते. अरे, तिचा तो भाऊ..." (पुढचे तुम्ही मनावर घेऊ नये.) मंडळी बाकांवरून पडायची बाकी राहिली. हव्वेने उरलेला पेरू माझ्या कपाळावर मारला आणि ज्ञानाच्या झाडामागून जी निघाली ती थेट एस.टी. स्टँडवर.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, बागेबाहेर काढलं तेव्हा ती दोघं बरोबर गेली. तुम्ही एकटे बागेत राहून काय करणार?" चार दिवस पिठले करतो आहे. गुठळ्या होतात, आणि दोष द्यायला घरात कोणी नाही.

तुमचा,
शरद

ता. क. खरे काम असे. निर्दोषाने दुसऱ्याचे पाप शिरावर घेतले म्हणून आपले तारण झाले, हे तुम्ही जाणताच. तेव्हा ती जादा वाक्ये तुम्हीच मला लिहून पाठवली होती, असे सरूला सांगावे. सख्खा भाऊ आहात, फार मारणार नाही.

आणखी एक. पाकिटाला डिंक लावणार तोच सरू दारात! म्हणाली, "माझं चुकलं, एवढं म्हणा. बाकी मला काय नाय पायजे." म्हटले, अगदी मनापासून. तिने पिशवी खाली ठेवली. मग विचारले, "पण एवढं सगळं सुचलं कुठनं तुम्हाला?" आणि दादा, माझ्या तोंडून तुमचे नाव गेले. ती तीनच्या गाडीने पेणला येते आहे. माझ्यावर आता राग नाही. हे पत्र तिच्याच हाती देतो, लवकर पोचेल. पाकीट तेवढे फोडायचे नाही, असे तिला बजावले आहे.