शेजारच्या काकूंची चौकट

आप्पा, तुम्ही गेलात आणि तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. पोचणार नाही हे ठाऊक आहे, तेवढाच धीर. मी आपल्या घराचं कॉमिक्स काढतेय, चौकटीचौकटींतून सगळं खरं सांगणारं. तुम्ही म्हणाला असता, पोरखेळ. असू दे. त्यातलं एकच पान अडलंय, आणि ते तुमचं नि माझं आहे.

इंदापुरात तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचात. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, मी सहावीत. आई तुम्हांला न सांगता बारामतीला अंगणवाडीच्या मुलाखतीला गेली होती. शेजारच्या काकूंचं इस्त्रीचं पातळ मागून नेसली आणि मला शपथ घालून गेली. म्हणजे ठाऊक होतं ते दोघींनाच, काकूंना आणि मला. दुपारी तुम्ही घरी येता, खुशीत असता. तुमचा खारीच्या केसांचा बारीक ब्रश मला देऊन टाकता. "वड बघू रेघ." मी ओढते. "हात बसलाय की गं तुजा." असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं, मी नुसती फुगले होते. मग तुम्ही सहज विचारलंत, "आई कुठं गेली?" आणि मी सांगून मोकळी झाले.

संध्याकाळी आई दारात आली, तसं तुम्ही विचारलंत, "कुणाला इचारून गेली हुतीस?"

"इचारलं असतं तर जाऊ दिलं असतं व्हय?"

रंगवताना हात टेकायला तुम्ही जी काठी धरायचात, तीच उचललीत. पुढं नेमणुकीचा कागद आला, तो चुलीत घातलात. तुमचा राग मला अजून येतो, पण त्याहून माझा येतो. आईनं ठरवून टाकलं, चुगली काकूंनीच केली. घराला घर लागून, तरी आजतागायत ती त्यांच्याशी बोललेली नाही. काकू दोनदा हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, तिनं दार लावून घेतलं. मी आतच होते.

कॉमिक्समध्येही मी काकूच काढल्यात, तुमच्या कानाला लागलेल्या. तीनदा त्यांना खोडून तिथं स्वतःला काढलं, तीनदा स्वतःला खोडलं. काल पान आईपुढं ठेवलं, म्हटलं आज सांगायचंच. तिनं चष्मा लावला, काकूंवर बोट ठेवलं.

"हीच ती. पर लईच साळसूद काढलीस. जरा तोंड वाकडं कर तिचं."

मी केलं, आप्पा. तिच्यासमोर बसूनच केलं.