नकाशाच्या कोपऱ्यात श्री

॥ श्री ॥

तीर्थरूप बाबांस, पुण्याहून गौरवीचा नमस्कार. मी मजेत आहे. फक्त इथला पाव म्हणजे नुसता कापूस.

घरांचे नकाशे काढायचं आमचं नवं सॉफ्टवेअर तुम्हाला वापरायला दिलं, तेव्हा फोनवर "बरें आसा" म्हणालात. मग आईकडून कळलं, लगेच जुन्यावर परत गेलात! कारणही तिनेच सांगितलं. पहिली रेघ ओढण्याआधी तुम्ही कोपऱ्यात श्री लिहिता, आणि आमचं साफसफाईचं बटण ते कचरा समजून पुसून टाकतं.

बाबा, ते बटण माझंच आहे. मला सांगायचं नाही? मीटिंगमध्ये भांडले. आता विचारल्याशिवाय ते काहीच पुसत नाही. अक्षरंही मोठी केली. साहेब म्हणाले, एवढी मोठी कुणाला लागतात? म्हटलं, आमच्या गावी, कारापूरला लागतात.

आई म्हणते, चष्मा खणात असतो आणि तुमचं नाक स्क्रीनला. डिचोलीला डोळे दाखवून आलात का? "बरें आसा" हे उत्तर चालणार नाही. चतुर्थीला येते तेव्हा विचारीनच.

तोवर रेघ ओढण्याआधी श्री लिहा, आणि श्री लिहिण्याआधी चष्मा लावा.

तुमचीच,
गौरवी