थांबलेला हात

१२ जानेवारी २००५
साखऱ्याहून वारंगा फाट्यावर आले. सुकन्याला सातवा लागला. रीतीनं लेकीनं माहेरी यायचं, पण माह्या हाताची थरथर एवढी, की लेकराला मांडीवर घेतलं तर पाळण्याची गरजच न्हाई. म्हणून माहेरच उठून लेकीकडं आलं. जावई शिवहारचं फाट्यावर चहाचं हाटेल. त्यानं कप भरून दिला, तोंडाशी नेईस्तोर अर्धा उरला. म्हनलं, जावाईबापू, माप मारता व्हय? पार लाजला बिचारा. समोर हरिचंदची पानटपरी. तिथं मटक्याचा आकडा लावायला ट्रकवाले जमतेत. आमचे मालक जिते असते तर मुक्काम तिथंच केला असता.

२० जानेवारी
नांदेडच्या डॉक्टरनं थरथरीवर नवी गोळी दिली.

२ फेब्रुवारी
हात थांबला! आधी मुंगीएवढं अक्षर यायचं, आता बघा. सुईत दोरा ओवून बाळाची कुंची शिवायला घेतली. शिवहारला म्हनलं, आता तुमचा कान पिळायलाबी हात तयार हाय.

१९ फेब्रुवारी
गंमत म्हणून आकडा लावला. हरिचंद हसला. म्हनलं, तुहा धंदा बुडवायला आले. लागला न्हाई. पण घरी येतानी पाय माघारीच वळून राहिले. मालकाचे पत्ते चुलीत घालणारी बाई मी. मलाच काहून असं?

८ मार्च
रोज जाऊन राहिले. ट्रक गेला की आकडा. कोंबडीनं दाणे टिपले की आकडा. डॉक्टरला सांगितलं, हात लई बरा. गोळी मानवली म्हणून त्यानं ती वाढवली.

२१ मार्च
बोकड विकला. बाळंतपण सुखाचं व्हावं म्हणून सुकन्यानं म्हसोबाला बोललेला. नवसाची खूण म्हणून चिरलेला कान बघून जवळपासचं कुणी घेईना, म्हणून लांबच्या ढाब्यावर नेला. सुकन्या पोट धरून खालीच बसली. तिचं तोंड बघून माह्या मनात काय आलं? उद्याचा आकडा.

२४ मार्च
शिवहारनं दगडोबा भगताला आणलं. तो म्हणे, तुह्या मेलेल्या सासऱ्यानं, नामाजीनं, बायकोचा हात धरला, म्हणून तर थरथर थांबली. तवापासून भाकर मोडतानी हाताकडं बघते. अंगठा मालकासारखाच वळतो —

२ एप्रिल
गोळ्या सरल्या होत्या. थरथर आली, अन् ओढ गेली. टपरी समोर, पण पाय जागचे हलेनात. मालक न्हाईत. गोळीच हाय. डॉक्टरला सांगितलं. तो हसला. म्हणे, आजी, गोळीनं कुणी मटका खेळतं का? शिवहारबी हसला. जन्मभर मस्करी केली, आता खरं बोलले तर तीबी मस्करीच वाटली.

११ एप्रिल
नात झाली. हात पुढं केले. थरथरले. सुकन्या म्हनली, "आई, आधी गोळी घे. मग देते."
घेतली.

२३ एप्रिल
बारसं झालं. लेकरू मांडीवर. कमरेला चांदीचा करदोटा, आत्याबाईनं बांधलेला. गाठ सैल हाय. सुकन्याचा डोळा लागला. टपरीचं फळकूट उघडलं, ऐकू आलं —

हात दगडासारखा थांबलेला. लिहितोय तवर गुंतलेला हाय. लिहीतच राहायचं. थांबले की तो तिकडं —

सुकन्या, उठ. हाक मारायची, पण तोंड गप. तोंडबी त्याच्याच बाजूनं —

कोणीतरी हा हात धरा. पान सरत आलं. लेकरू हसून राहिलं. गाठ —